अडीच सुताचा बोल्ट

मला पेचाचं सगळं माहीत होतं. सगळं म्हणजे किती, तर चोविसाव्या वर्षी डिप्लोमा हातात पडलेल्या माणसाला वाटतं तेवढं. पेच म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला उतार, हे मी कागदाचा तिरका तुकडा कापून पेन्सिलीला गुंडाळून कोणालाही दाखवायचो, कोणी विचारलं नसलं तरी दाखवायचो. त्या उताराचा कोन लहान असला की घर्षण त्याला धरून ठेवतं आणि नट आपणहून सुटत नाही. जगातली कुठलीही घट्ट वस्तू इथून तिथे हलली, कितीही वेडीवाकडी हलली, तरी एका रेषेभोवती फिरणं आणि त्याच रेषेवरून सरकणं एवढ्या दोनच गोष्टींत ती हालचाल मांडता येते, म्हणजे प्रत्येक हालचाल हा मुळात एक पेचच, असं मला एका जाड इंग्रजी पुस्तकात सापडलं होतं. त्या दिवसापासून रस्त्यानं जाणाऱ्या माणसांकडेही मी दयेनं बघायला लागलो. बिचारे नुसतेच चालत होते.

अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस कसा दिसतो हे ज्याला बघायचं असेल, त्यानं ऐंशीच्या दशकात भिवंडीला माझ्या दुकानात यायला हवं होतं. एक लेथ, एक ड्रिल, मागच्या भिंतीला नटबोल्टांचे खण आणि पुढे लाकडी काउंटर. गल्लीत लेथवाले आणखी चार होते, पण पाटीवर स्वतःच्या नावाखाली डिप्लोमा पिवळ्या रंगानं लिहिणारा मी एकटा. आमच्या घरात कोणी हात काळे केलेले नव्हते. वडील शाळेत कारकून. त्यामुळे हात काळे करण्याचा मला उगाच मोठा अभिमान होता, आणि ज्यांचे हात जन्मापासून काळे होते त्यांच्याविषयी तुच्छता होती. ही दोन्ही एकाच माणसात कशी मावतात असं कोणी विचारू नये. छान मावतात.

गिऱ्हाईक सगळं लूमवालं. मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या आणि त्यांतले जुने माग ट्रकांतून आमच्याकडे यायला लागले. गिरणीवाल्यांनी दोन पिढ्या ज्यांचं रक्त काढलं ते माग भंगाराच्या भावात उचलायचे, वरून हिरवा रंग मारायचा, पत्र्याच्या शेडमध्ये ओळीनं उभे करायचे, की झाला कारखानदार. तेल घालताना हात आखडता, रंग मात्र दरवर्षी. माग बंद पडला की शेठ आधी कारागिरावर ओरडणार, मग जॉबरवर, मग देवावर, आणि बोल्ट बदलायचा विषय निघाला की जुनाच ठोकून बसव म्हणणार. मी ह्या लोकांना मनात काय काय म्हणत होतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता एक गोष्ट नीट सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. हे जुने माग विलायती. त्यांच्या नटबोल्टांचे आटे, म्हणजे पेचाचे वळसे, इंचाच्या मापाचे. बाजारात तोवर मिलिमीटरचे बोल्ट पोत्यांनी आले होते. अडीच सूत, म्हणजे इंचाचे सोळा भाग केले तर त्यातले पाच, आणि आठ एमएम, हे दोन बोल्ट शेजारी ठेवले तर चटकन ओळखू येत नाहीत. जाडी जवळजवळ तीच, पण एमएमचे आटे जास्त दाट. इंचाच्या भोकात एमएमचा बोल्ट दोन-तीन फेरे सुखानं जातो आणि मग अडकतो. पाना लावून दामटला तर आतले आटे खरवडत आणखी थोडा जातो, आणि असा घट्ट बसतो की वाटावं, हा आता जन्मात हलणार नाही. प्रत्यक्षात तो दोन-तीन आट्यांवर टांगलेला असतो. हे मला माहीत होतं. परीक्षेत आलं असतं तर पैकीच्या पैकी मिळवले असते.

जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा मिस्त्री. ही जमात माझ्या लेखी सगळ्यात खालची. पान्याच्या दांडीत दोन फूट पाइप घालून बोल्ट कसणारी, जिथे कसणं जमत नाही तिथे हातोडा मारणारी, आणि मोडलं की 'मालच हलका होता' म्हणणारी. नाचता येईना अंगण वाकडं. नवा बोल्ट हवा असला की जुना बोल्ट चिंधीत बांधून आणायचा आणि काउंटरवर टाकायचा, 'असा दे.' माप विचारलं तर बोटं दाखवणार. अशा चिंध्या सोडून सोडून माझा अपमान होत असे.

त्यांतला एक दिघाशीहून सायकलनं यायचा. पन्नाशी ओलांडलेला, खाकी हाफ पँट, वर गंजिफ्रॉक, कानावर पेन्सिलीऐवजी सूत काढायचा हुक. वळ गावच्या वाटेवर एका शेठच्या शेडमध्ये चोवीस माग होते, ते सगळे त्याच्या हाती. त्याला सगळे काका म्हणायचे म्हणून मीही म्हणायचो. तो मला इंजिनेर म्हणायचा आणि मी त्याच्या निम्म्या वयाचा असूनही तुमी म्हणायचा. इतर गिऱ्हाइकं माझं व्याख्यान सुरू झालं की बिडी ओढायला बाहेर जायची. हा तेवढा तेलाचा रिकामा डबा उपडा घालून बसायचा आणि ऐकायचा. संपूर्ण भिवंडीत माझा श्रोता हा एकच, आणि त्याच्याविषयी मला काय वाटायचं? गाढवापुढे वाचली गीता, असं वाटायचं.

त्याची एक पद्धत होती. कुठलाही बोल्ट तो आधी बोटानं फिरवायचा. चार फेरे बोटानं सहज गेला तरच पाना हातात घ्यायचा, नाहीतर बाहेर काढून भोक पुसायचा, आटे बघायचा, पुन्हा लावायचा. मग आट्यांवर सुताचा एक पदर गुंडाळून कसायचा, म्हणजे मागाच्या हादऱ्यानं सैल होत नाही. एका बोल्टला चहा पिऊन होईल एवढा वेळ. शेठ त्याला म्हातारी म्हणायचा. मी म्हणायचो, काका, ह्याला शास्त्र लागतं, बोटं नाही. तो हसायचा. ऐकून घ्यायची त्याला सवयच होती.

एकदा मी त्याला स्फटिक समजावून सांगत होतो. नवीनच वाचलं होतं, ताजं होतं, कोणावर तरी ओतायचं होतं. लोखंड काय, मीठ काय, आत सगळे कण ओळीनं रचलेले असतात, विटांसारखे. पण कधी कधी एका जागी रचना सरकते आणि थर सपाट न राहता मळसूत्रासारखे वर चढत जातात. म्हणजे स्फटिकाच्या आतही पेच. हा त्याचा दोष. पण गंमत अशी की सपाट थरावर नव्या कणाला टेकायला जागा मिळत नाही, आणि ह्या पेचाची पायरी कधीच संपत नाही, त्यामुळे दोष असलेला स्फटिक भराभर वाढतो. काकानं हातातल्या बोल्टाच्या आट्यांवरून नख फिरवलं. मग त्यानं विचारलं, म्हणजे चुकलेलं हाय म्हणूनच वाढतंय का? मी म्हटलं, इतकं सोपं नसतं ते. खरं तर तितकंच सोपं होतं. मी चार रात्री घासून जे वाचलं ते त्यानं एका वाक्यात काढून दाखवलं, म्हणून मला राग आला होता. दुसरं काही नाही.

त्यानंतर आठवडाभरात तो चिंधी घेऊन आला. धोट्याच्या पेटीची पट्टी ज्या बोल्टांनी धरलेली असते त्यांपैकी झिजलेला एक. धोटा, म्हणजे आडवं सूत नेणारा टोकदार लाकडी ठोकळा, मिनिटाला शंभराच्या वर वेळा ह्या पेटीतून त्या पेटीत जातो, त्यामुळे पट्टी जागची हलून चालत नाही. त्याला तसले आठ हवे होते. मी चिंधी सोडली, कॅलिपर लावला, माप आठ एमएमला जरा कमी आलं. झिजलाय, म्हणून कमी, असं मी ठरवलं आणि खणातले आठ एमएमचे आठ बोल्ट काढून दिले. आट्यांची दाटी मोजायची पट्टी माझ्याच खिशात होती. ती लावायला एक श्वास पुरतो. पण जॉबरच्या चिंधीतला बोल्ट काय मोजायचा, असा तो सगळा प्रकार.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका परत आला. दुकानात तेव्हा तीन-चार जण होते. त्यानं बोल्ट काउंटरवर ठेवले आणि हळू आवाजात सांगितलं की हे तीन फेऱ्यांनंतर अडकतायत, बोटाला बरोबर लागत नाहीत, एकदा बघता का. एकदा बघता का, एवढंच. आणि मी काय केलं? चार माणसं ऐकायला आहेत म्हटल्यावर मला ऊत आला. मी म्हटलं, काका, बोल्ट घट्ट बसला ही त्याची चूक की गुण? भिवंडीच्या बोटांना सगळं ढिलं बसायची सवय झालीय. आयुष्यभर झिजलेल्या आट्यांत झिजलेले बोल्ट फिरवलेत, आता नवा कोरा माल लावला तर तुमची बोटं तक्रार करणारच. मग मी फिट कशाला म्हणतात, सैल फिट, घट्ट फिट, त्यांच्यातलं अंतर केसाच्या कितव्या भागाएवढं असतं, हे सगळं सांगितलं. त्यातला शब्द न शब्द खरा होता. लोक हसले, काकाही हसला. त्यानं बोल्ट पुन्हा चिंधीत बांधले, तुमी शिकलेले, तुमाला म्हायती, असं म्हणाला आणि सायकलवर बसून गेला.

तो गेल्यावर माझ्या मनात आलं होतं, हे मी कबूल करतो. दाटीची पट्टी खिशातून काढावी, काउंटरवर एक बोल्ट राहिला असेल तर बघावं. बोल्ट राहिला नव्हता. झिजलेला नमुना लेथखाली लोखंडाच्या किसात पडला होता, तो वाकून उचलला असता तर झालं असतं. मी वाकलो नाही. वाकलो असतो तर एका हाफ पँटवाल्या जॉबरच्या बोटाला माझ्या डिप्लोम्यापेक्षा जास्त कळतं, एवढंच सिद्ध झालं असतं. ते मला नको होतं.

पंधरा दिवसांनी शेठचा माणूस दुकानात आला. एका मागाची पट्टी चालता चालता निसटली होती, धोटा वाकडा सुटला आणि शेजारच्या मागावरच्या कारागिराच्या भुवईवर बसला. हाडापर्यंत जखम. सात टाके पडले, डोळा वाचला. तो पोरगा आठवड्यात कामावरही आला, वर पट्टी बांधून. पण शेडमधले बाकीचे कारागीर बिथरले होते. ते म्हणत होते की जॉबर बदला, नाहीतर आम्ही मागावर उभे राहत नाही. शेठला मधे एक शिकलेला माणूस हवा होता, जो चूक कोणाची ते सांगेल. म्हणून मला बोलावणं.

हे 'शिकलेला माणूस' प्रकरण भारी असतं. त्याला खुर्ची देतात, पंखा त्याच्याकडे वळवतात आणि चहा बशीसकट येतो. शेठच्या ऑफिसात टेबलावर वर्तमानपत्राच्या तुकड्यावर तो बोल्ट ठेवला होता. काका दाराशी उभा. मी बोल्ट उचलला. टोकाकडच्या तीन आट्यांत भोकातून खरवडलेल्या बिडाची भुकटी भरलेली, त्यावर सुताचा एक पदर अजून चिकटलेला, आणि वरचे सगळे आटे कोरे करकरीत. लहान पोरालाही दिसावं असं लिहिलेलं होतं त्यावर. हा बोल्ट त्या भोकाचा नव्हताच. हा माझ्या खणातला होता.

शेठ म्हणाला, "बोलो इंजिनिअर, गलती किसकी? हमको बस इतना बताओ."

काकाचं काय पणाला लागलंय हे मला नीट माहीत होतं. ज्याच्या हाताखाली धोटा उडून माणूस जखमी झाला त्या जॉबरला भिवंडीत दुसरी शेड मिळत नाही. बातमी शिफ्ट बदलायच्या आत सगळीकडे पोचते. तीस वर्षं माग दुरुस्त करून त्यानं एकच गोष्ट कमावली होती, ती म्हणजे त्याच्या हातचा बोल्ट सुटत नाही हे नाव. मी एक वाक्य बोललो असतो तर ते नाव राहिलं असतं, आणि माझी पाटी हसण्यावारी गेली असती. एवढाच सौदा होता.

मी बोललो. अर्धा तास बोललो. उताराचा कोन सांगितला, घर्षण सांगितलं, हादऱ्यानं घर्षण क्षणाक्षणाला कसं सुटतं आणि नट केसाकेसानं मागे कसा येतो ते हातानं करून दाखवलं. ताण देऊन कसलेला बोल्ट स्प्रिंगसारखा ओढलेला राहतो म्हणून टिकतो, वाजवीपेक्षा जास्त कसला तर त्याचा ताणच मरतो, हेही सांगितलं. शेठचे डोळे मिटायला लागले. शेवटी मी म्हटलं की बोल्टात दोष नाही, कसण्यात चूक झाली. पाना जास्त चालला.

मग मी वाट बघत बसलो. काका आता म्हणेल की मी हे बोल्ट परत घेऊन गेलो होतो, ह्यानंच मला हसून घालवलं. चार साक्षीदार होते. मी उत्तर तयार ठेवलं होतं, चांगलं टोकदार होतं. ते वापरायची वेळच आली नाही. काका बोल्टकडे बघत होता, मग त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि नुसती होकाराची मान हलवली. शेठनं त्याला त्या दिवसापासून यायला नको म्हणून सांगितलं. दाराबाहेर त्याच्या चपला होत्या, त्या घालायला त्याला जरा वेळ लागला.

परत येताना मी त्याला मूर्ख ठरवलं. ज्याला स्वतःची बाजू मांडता येत नाही त्याच्यासाठी जगानं कशाला थांबायचं, असं मी रिक्षात बसून स्वतःला समजावलं. तुच्छतेची ही सोय मोठी आहे, पाप केल्यावर लगेच मिळते. दुसऱ्या दिवशी लेथ लावून अडीच सुताचे आठ बोल्ट मी स्वतः कापले, इंचाच्या आट्यांचे, एकेक तपासून, आणि शेठकडे पाठवले. निरोप दिला की हे जास्त चांगल्या प्रतीचे, आधीचे काढून हे लावा. शेठनं सगळ्यांना सांगितलं की माणूस असावा तर असा. माझं गिऱ्हाईक वाढलं.

महिनाभरानं काका दुकानात आला. सायकल नव्हती, चालत आला होता. मी लेथ बंद केला. मला वाटलं, आला शेवटी. भांडेल, शिव्या देईल, काउंटरवरचं काही फेकेल. खरं सांगतो, मला बरं वाटलं. पण त्यानं डबा उपडा घातला, बसला आणि खिशातून वहीचा एक कोरा कागद काढला. मालेगावला त्याच्या मेहुण्याच्या ओळखीनं एका कारखान्यात जागा होती. तिथल्या मालकाला चिठ्ठी द्यायची होती, आणि त्याला लिहिता येत नव्हतं. दिघाशीला लिहिणारे होते, पण त्याला म्हणे नीट लिहिणारा माणूस हवा होता.

मी विचारलं, काय लिहू. तो म्हणाला, तीस वर्षं जॉबर हाय ते लिवा. मग धोटा उडला ते लिवा. मी म्हटलं, ते कशाला, कोण विचारतंय मालेगावला. तेव्हा तो जरा पुढे सरकून बसला.

"न्हाय, लिवाच. दुसऱ्याच्या तोंडून कललं तर खोटं वाटेल. मना बोटाला कललं होतं काय तरी चुकतंय, पन तुमी सांगितलंत बोल्ट बरोबर हाय. मंग मीच घाबरून लय जोरानं कसला. तितंच चुकलं माझं. तुमी शेठला बोललात तवा मना समजलं."

पेन माझ्या हातात होतं. दुकानात दुसरं कोणी नव्हतं, मागच्या खणांत आठ एमएम आणि अडीच सूत दोन्ही होते, दोन मिनिटांत दाखवता आलं असतं. मी पेन झटकलं, शाई उतरत नव्हती असं नाही, नुसतंच झटकलं. मग लिहिलं. की अर्जदार अनुभवी आहे, निर्व्यसनी आहे, आणि त्याच्या हातून बोल्ट प्रमाणाबाहेर कसला गेल्यामुळे एक कारागीर जखमी झाला, ही चूक त्याला मान्य असून पुन्हा होणार नाही. सुवाच्य अक्षरात, समास सोडून, कुठेही खाडाखोड न करता.

वाचून दाखवा म्हणाला. मी वाचून दाखवलं. तो मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत होता, पूर्वी ऐकायचा तसाच. मग त्यानं कागदाची चार पदरी घडी केली आणि गंजिफ्रॉकच्या आत ठेवली.

"चांगलं लिवलंत, इंजिनेर," तो म्हणाला. "मना माझी चूक इतकी नीट सांगता आली नसती."